गोळी पोटात, त्रास तोंडात: दात-हिरड्या कुठल्या आजाराने नि औषधाने बिघडल्या ते शोधायचं कसं

बाबांच्या पुढच्या दातांमधली हिरडी फुगायला लागली तेव्हा आधी कोणाच्या लक्षातच आलं नाही. मग एक दिवस ते जोरात हसले आणि दिसलं, दोन दातांच्या मधे मधे गुलाबी मणी ओवल्यासारखे गोळे, दुखत काहीच नव्हतं, ब्रश लागला की मात्र रक्त. दोनदा जाऊन दात साफ करून आणले, दोन्ही वेळा "काका ब्रश नीट करत जा" एवढंच ऐकून परत आले आणि बिचारे दिवसातून तीनदा घासायला लागले. तिसऱ्या वेळी तिथल्या शिकाऊ डॉक्टर मुलीने विचारलं, बीपीची गोळी कुठली चालू आहे? अ‍ॅम्लोडिपिन. कधीपासून? सातआठ महिने झाले. आणि हिरडी कधीपासून फुगली? तर पाचेक महिने. झालं, कोडं तिथेच सुटलं. फिजिशियनने गोळी बदलून दिली, परत एकदा साफसफाई झाली आणि चार महिन्यांत हिरडी बऱ्यापैकी खाली बसली.

मी डॉक्टर नाही, घरातल्या चार पेशंटांच्या फायली सांभाळणारी बाई आहे. पण तेव्हापासून कोणीही तोंडाचं काही सांगितलं की माझा पहिला प्रश्न तारखेचा असतो. दाताचा डॉक्टर दात बघतो, शुगरवाला शुगर बघतो, हार्टवाला हार्ट, आणि यांची आपसात गाठ कधी पडत नाही, त्यांच्यात फिरणारा माणूस एकच, तो म्हणजे आपण. म्हणून ही जुळवाजुळव आपल्यालाच करावी लागते. कशी करायची ते सांगते.

आधी यादी, तीही तारखांसकट

एक कागद घ्या, मधे उभी रेघ मारा. डावीकडे औषधं नि ती कधी सुरू झाली, उजवीकडे तोंडात काय काय झालं नि कधीपासून. औषधाचं नाव लिहिताना स्ट्रिपवरचं मोठ्या अक्षरातलं कंपनीचं नाव नाही, त्याच्या खाली बारीक अक्षरात जो घटक असतो तो आणि पुढे किती मिलिग्रॅम ते. नीट दिसत नसेल तर मोबाईलने फोटो काढून मोठा करून वाचा, मी तसंच करते.

लोक गोळ्या लिहितात आणि बाकीचं सगळं विसरतात. इन्हेलर लिहा. सर्दीचं सिरप, अ‍ॅलर्जीची गोळी, झोपेची गोळी, लोह, कॅल्शियम, कोणी सांगितलं म्हणून चालू केलेलं जडीबुटीवालं काही, तेही लिहा. आणि इंजेक्शनं! हाडं ठिसूळ झाल्यावर सहा महिन्यांनी एकदा घ्यायचं डेनोसुमॅब किंवा वर्षातून एकदा सलाइनमधून द्यायचं झोलेड्रॉनिक अ‍ॅसिड, हे रोज घ्यायचं नसतं त्यामुळे "कुठली औषधं चालू आहेत" विचारलं की कोणाला आठवतच नाही, आणि नेमकं दात काढायच्या आधी तेच माहीत असणं सगळ्यात गरजेचं असतं. बंद केलेली औषधंसुद्धा लिहा. अ‍ॅलेंड्रोनेटसारखी हाडांची गोळी बंद केली तरी हाडात वर्षानुवर्षं राहते.

आता दोन्ही बाजूच्या तारखा जुळतात का बघा. नवीन गोळी, वाढवलेला डोस किंवा नवीन निदान, आणि त्यानंतर काही दिवसांनी ते दोनचार महिन्यांत तोंडात बदल, असं दिसलं तर संशय घ्यायला जागा आहे. संशय म्हणजे पुरावा नव्हे, पण डॉक्टरांशी बोलायला तेवढं पुरतं.

आणि जुळलं म्हणून गोळी आपल्या आपण बंद करायची नाही!! हे मी ओरडून सांगते कारण माझ्या एका नातेवाईक बाईंनी तोंड कोरडं पडतं म्हणून डिप्रेशनची गोळी एका दिवसात सोडली आणि पुढचे दोन आठवडे चक्कर, मळमळ, रडू, सगळ्या घराची झोप उडाली. फिट्सची गोळी, रक्त पातळ करायची गोळी, स्टेरॉइड ही तर अचानक सोडली तर जिवावर बेतू शकतं. बहुतेक वेळा पर्याय असतो, डोस कमी करता येतो, घ्यायची वेळ बदलता येते, पण ते ज्याने लिहून दिलंय त्याने ठरवायचं.

आरशासमोर पाच मिनिटं

मोबाईलचा टॉर्च, आरसा, स्वच्छ फडकं. कवळी असेल तर काढून ठेवा, कवळी लावून तोंड तपासणं म्हणजे चादर न काढता गादी बघणं. ओठांचे कोपरे चिरलेत का, गालांच्या आत पांढरे पट्टे किंवा डाग आहेत का, जीभ फडक्यात धरून बाहेर ओढा आणि दोन्ही कडा बघा, मग जीभ वर टाळूला लावून खालची जागा बघा. तिथे लाळ साठलेली दिसायला हवी, चकचकीत ओलं. कोरडी पडलेली जीभ चिरा पडलेल्या जमिनीसारखी दिसते. गालाच्या आतून बोट फिरवलं आणि ते सरकण्याऐवजी चिकटत असेल तर लाळ कमी आहे, डेंटिस्टसुद्धा त्यांचा छोटा आरसा गालाला चिकटतो का यावरून हेच ओळखतात.

लाळ मोजताही येते घरच्या घरी. खाऊनपिऊन, ब्रश करून एकदीड तास झाला की शांत बसायचं, आहे ती लाळ एकदा गिळून टाकायची, मान खाली घालायची आणि पाच मिनिटं काही न चघळता जी लाळ आपोआप येईल ती छोट्या कपात पडू द्यायची. मग लहान मुलांच्या औषधाबरोबर मिळते त्या सिरिंजने मोजायची, वरचा फेस सोडून. धडधाकट माणसाला मिनिटाला साधारण ०.३ मिलिलीटर येते, म्हणजे पाच मिनिटांत दीडेक मिलिलीटर. अर्ध्या मिलिलीटरपेक्षा कमी भरली तर कोरडेपणा खरोखरचा आहे, नुसतं वाटणं नाही. मी आईची मोजली तेव्हा सिरिंजच्या टोकाशी जेमतेम ओलसरपणा होता, ती म्हणाली "अगं हे तर मी वर्षभर सांगतेय". खरंच सांगत होती, आम्ही पाणी पी पी म्हणत होतो.

कोरडं तोंड

यावर मी जरा जास्त लिहिणार आहे कारण औषधांमुळे तोंडाचं जे काही बिघडतं त्यात सगळ्यात जास्त दिसणारं हेच, आणि सगळ्यात कमी मनावर घेतलं जाणारंही हेच.

दिवसभरात आपल्याला अर्धा ते दीड लिटर लाळ येते आणि तिचं काम फक्त घास ओला करणं नाही. काही खाल्लं की दातांवरचे जंतू त्यातली साखर वापरून आम्ल करतात, तोंडाचा पीएच (आम्ल किती ते सांगणारा आकडा, जितका कमी तितकं आम्ल जास्त) ५.५ च्या खाली गेला की दातावरचं कठीण आवरण विरघळायला लागतं, लाळ ते आम्ल मारते आणि गेलेलं कॅल्शियम परत भरते. हिरडी मागे सरकून उघडी पडलेली मुळं तर आणखी नाजूक, ती ६.५ च्या आसपासच विरघळायला लागतात. म्हणून लाळ कमी झाली की किडायची जागाच बदलते, चावायच्या खाचांऐवजी हिरडीच्या अगदी कडेला, दाताच्या गळ्याशी गोलाकार तपकिरी कीड दिसते. चाळीस वर्षं एकही दात न किडलेल्या माणसाला वर्षात पाचसहा ठिकाणी कीड लागली तर ब्रशला दोष देण्याआधी औषधांची यादी काढा.

कुठली औषधं? यादी मोठी आहे. अ‍ॅलर्जी-सर्दीची, खास करून झोप आणणारी जुनी, क्लोरफेनिरामिनसारखी. डिप्रेशनची, त्यात अ‍ॅमिट्रिप्टिलिन सगळ्यात वाईट, ती नसांच्या दुखण्यासाठी आणि मायग्रेनसाठीही देतात त्यामुळे "मला कुठे डिप्रेशन आहे" म्हणून बाद करू नका. मानसिक आजारांची बरीच औषधं, लघवी आवरत नाही म्हणून दिलेली ऑक्सिब्युटिनिन आणि सोलिफेनॅसिन, पार्किन्सनमधे हात थरथरतात म्हणून दिलेली ट्रायहेक्झिफेनिडिल, लघवी जास्त करवणारी बीपीची औषधं, मॉर्फिन-ट्रामाडॉल गटातली दुखण्याची औषधं. एकेक गोळी थोडंसंच करते पण म्हातारपणी अशा तीनचार एकत्र होतात आणि तोंडाचं वाळवंट होतं. उलटंही एक आहे बरं का, क्लोझॅपिन नावाच्या गोळीने रात्री इतकी लाळ गळते की उशी ओली होते.

आजारातही कोरडं पडतं. शुगर वाढलेली असेल तर लघवी जास्त होऊन अंगातलं पाणीच कमी होतं. आणि तोंडाबरोबर डोळेही कोरडे, वाळू गेल्यासारखे खुपत असतील आणि तसं कुठलं औषध चालू नसेल तर शोग्रेन नावाचा आजार तपासून घ्या, यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लाळेच्या नि अश्रूंच्या ग्रंथींवर हल्ला करते. हेन्रिक शोग्रेन या स्वीडिश डोळ्यांच्या डॉक्टरने १९३३ साली तो सविस्तर मांडला. बायकांमधे पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त.

मग करायचं काय. पहिलं, डॉक्टरांना विचारायचं की कोरडं पाडणारी गोळी बदलता किंवा कमी करता येईल का, किंवा रात्रीऐवजी सकाळी घेता येईल का, कारण झोपेत लाळ तशीही जवळजवळ थांबते आणि त्यात रात्रीची गोळी म्हणजे दुष्काळात तेरावा महिना. दुसरं, फ्लोराइडची पेस्ट, साधी हजार ते दीड हजार पीपीएमची असते, जास्त कीड असेल तर डेंटिस्ट ५००० पीपीएमची लिहून देतात. ब्रश झाल्यावर पेस्ट थुंका पण खळखळून चूळ भरू नका. हे मला कोणी तिशीत सांगितलं असतं तर बरं झालं असतं, आपण इतकी वर्षं चांगलं फ्लोराइड बेसिनमधे सोडून देतो. तिसरं, घोट घोट पाणी, पण पाणी म्हणजे पाणीच, सरबतं आणि कोल्ड्रिंक घोट घोट पिणं म्हणजे दातांना दिवसभर आम्लाची आंघोळ. लाळ सुटावी म्हणून आंबटगोड गोळी गालात धरून बसतात तेही तसंच, त्याऐवजी बिनसाखरेचं झायलिटॉलवालं च्युइंगगम चघळा (घरात कुत्रा असेल तर त्याच्यापासून लांब, झायलिटॉल कुत्र्यांना विष आहे). दारू असलेला माउथवॉश बंद, तो अजून कोरडं करतो. एवढं करून भागलं नाही तर कृत्रिम लाळेचे स्प्रे नि जेल मिळतात, रात्री झोपताना बरे पडतात.

आणि एक छोटीशी गोष्ट, छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची गोळी ज्यांच्याकडे आहे त्यांचं तोंड कोरडं असेल तर ती लवकर विरघळत नाही, आधी घोटभर पाण्याने तोंड ओलं करून मग ठेवायची.

हिरड्या

हिरडी वाढवणारी औषधं मुख्यतः तीन घराण्यांतली: फिट्सचं फिनायटॉइन, बीपीचं निफेडिपिन-अ‍ॅम्लोडिपिन घराणं, आणि किडनी वगैरे बदलल्यावर द्यायचं सायक्लोस्पोरिन. फिनायटॉइन घेणाऱ्या साधारण निम्म्या लोकांना थोडंफार होतं, अ‍ॅम्लोडिपिनमधे त्यामानाने कमी. सुरुवात बहुधा पुढच्या दातांमधल्या टोकांपासून, औषध सुरू झाल्यावर पहिल्या काही महिन्यांतच. दातावर जंतूंचा थर जितका जास्त तितकी वाढ जास्त, म्हणून "ब्रश नीट करा" हा सल्ला चूक नव्हता, अर्धा होता. फुगलेल्या हिरडीखाली ब्रश पोचत नाही, तिथे घाण साठते, त्याने हिरडी आणखी फुगते. दातांच्या फटीत घालायचा बारीक ब्रश इथे कामाला येतो. गोळी बदलूनही राहिलेली वाढ डेंटिस्ट कापून काढतात.

डायबेटिसचं नातं दुहेरी आहे. शुगर ताब्यात नसेल तर हिरड्यांचा संसर्ग जोर धरतो, आतलं हाड झिजतं, दात हलायला लागतात, आणि हिरडीतली ती कायमची सूज उलटून शुगर वाढवते. हिरड्यांची नीट ट्रीटमेंट झाली तर तीनचार महिन्यांत एचबीए१सी (मागच्या तीनेक महिन्यांची शुगर सांगणारी रक्ततपासणी) सरासरी ०.३ ते ०.४ ने उतरतं, हे कमी वाटेल पण यासाठी वेगळी गोळी घ्यावी लागत नाहीये. म्हणून शुगरच्या माणसाने दाताच्या डॉक्टरला शेवटचा एचबीए१सी दाखवायचा आणि शुगरच्या डॉक्टरला "हिरड्यांतून रक्त येतं" हे सांगायचं, दोघंही सहसा आपणहून विचारत नाहीत. अपॉइंटमेंट शक्यतो सकाळची घ्या, आणि गोळी किंवा इन्सुलिन घेऊन उपाशी जाऊ नका. खुर्चीत बसल्यावर घाम, थरथर, डोकं हलकं झाल्यासारखं वाटलं तर ती भीती नसून शुगर उतरलेली असू शकते, लगेच सांगा.

गरोदरपण हा काही आजार नाही पण हार्मोनमुळे हिरड्या सुजतात, रक्त येतं, कधी एखादा लाल गोळा येतो जो बहुतेक वेळा बाळंतपणानंतर बसतो. दातांची कामं करायला मधले तीन महिने सोयीचे, पण दुखत असेल तर कुठल्याही महिन्यात जा.

कुठल्याच कारणाशिवाय हिरड्या भराभर सुजल्या, आपोआप रक्त येतंय, सोबत ताप, थकवा, अंगावर निळेजांभळे डाग असं असेल तर डेंटिस्टची अपॉइंटमेंट शोधत बसू नका, त्याच दिवशी रक्ततपासणी करा. ब्लड कॅन्सर कधीकधी पहिल्यांदा हिरडीतच दिसतो.

तोंड येणं, पांढरा थर, आग

दम्याच्या स्टेरॉइडवाल्या इन्हेलरने, म्हणजे ब्युडेसोनाइड, फ्लुटिकासोन वगैरे, टाळूवर नि जिभेवर बुरशी धरते, पांढरे पापुद्रे जे पुसले की खाली लाल दिसतं. उपाय फुकटचा आहे: इन्हेलर ब्रशशेजारी ठेवा आणि ब्रश करायच्या आधी घ्या. मग चूळ, गुळणी, थुंकणं सगळं आपोआपच होतं, वेगळं लक्षात ठेवावं लागत नाही. स्प्रेचा इन्हेलर असेल तर स्पेसर, म्हणजे इन्हेलरला जोडायची पोकळ नळी, लावून घ्या, औषध घशात कमी चिकटतं. अँटिबायोटिकचा लांबलेला कोर्स, वाढलेली शुगर, रात्रंदिवस लावलेली कवळी यानेही बुरशी होते. कवळी रात्री काढून ठेवायचीच.

संधिवातासाठी किंवा सोरायसिससाठी मेथोट्रेक्सेट घेणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचा. ती गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, चुकून रोज घेतली जाते आणि त्याचं पहिलं लक्षण बऱ्याचदा तोंडात असतं, एकदम भरपूर फोड, गिळताही येत नाही. त्याला "उष्णता झाली" म्हणत बसायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. ठरलेला वार घालून त्या वाराचं नाव डबीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. छातीदुखीची निकोरँडिल ही गोळीसुद्धा खोल, न भरणाऱ्या जखमा करते आणि ती बदलल्याशिवाय कुठलंही जेल लावून फरक पडत नाही.

जीभ गुळगुळीत, लालभडक, साधं खाल्लं तरी आग आणि ओठांचे कोपरे चिरलेले असं असेल तर हिमोग्लोबिन, लोह आणि बी१२ तपासा. यात औषधाचाही हात असू शकतो, शुगरची मेटफॉर्मिन आणि अ‍ॅसिडिटीच्या ओमेप्रॅझोल-पँटोप्रॅझोल गटातल्या गोळ्या वर्षानुवर्षं घेतल्या तर बी१२ कमी होऊ शकतं. आणि बरेचजण दोन्ही घेत असतात.

केमोथेरपीत तोंड सोलवटतं, साधारण डोसनंतर एकदोन आठवड्यांत. मऊ ब्रश, मीठ-सोड्याच्या पाण्याच्या गुळण्या, दारू नसलेला माउथवॉश. फाइव्ह-फ्लुरोयुरॅसिलचं झटपट इंजेक्शन असेल तर ते देताना अर्धा तास बर्फाचे तुकडे तोंडात धरल्याने फोड कमी येतात, नर्सना विचारून बघा.

कुठलंही कारण जुळत नसताना एकच जखम, गाठ किंवा डाग तीन आठवड्यांत गेला नाही तर दाखवायचाच. दुखत नाही म्हणून सोडायचं नाही, उलट न दुखणाऱ्याला मी जास्त घाबरते.

अ‍ॅसिडिटी, डाग, चव

दात आंबतात, शिवशिवतात आणि डेंटिस्ट म्हणतात दात झिजलेत, तर कुठे झिजलेत ते विचारा. वरच्या दातांच्या आतल्या, टाळूकडच्या बाजूने झिज असेल तर आम्ल बाहेरून नाही, पोटातून येतंय, म्हणजे अ‍ॅसिड रिफ्लक्स किंवा वारंवार उलट्या. उलटी झाल्यावर लगेच ब्रश केला तर मऊ पडलेलं आवरण खरवडून निघतं. चिमूटभर खायचा सोडा ग्लासभर पाण्यात घालून चूळ भरा आणि ब्रश निदान अर्ध्या-एक तासाने.

डागांचं थोडक्यात: लोहाच्या सिरपने दात काळे पडतात पण ते वरवरचं, साफ होतं. क्लोरहेक्सिडिनच्या माउथवॉशचे तपकिरी डागही तसेच, म्हणून तो आठवडा-दोन आठवड्यांपुरताच, आणि पेस्ट नि तो यात अर्धा तास अंतर ठेवायचं. टेट्रासायक्लिन या अँटिबायोटिकचे डाग मात्र दाताच्या आत, आठ वर्षांखालच्या मुलांना किंवा गरोदरपणाच्या दुसऱ्या अर्ध्यात दिलं तर बाळाच्या दातात, ते घासून जात नाहीत. लहान मुलाला रोजचं गोड सिरप चालू असेल तर ते रात्रीच्या ब्रशआधी द्या, ब्रश करून झोपवताना नाही.

तोंडात लोखंडासारखी चव मेट्रोनिडॅझोल या अँटिबायोटिकने नि मेटफॉर्मिनने येते. बुरशीच्या टर्बिनाफिनने चव चक्क जाऊ शकते, बहुतेकांची परत येते पण आठवडे-महिने लागतात. श्वासाला अमोनियासारखा वास येत असेल तर किडनी तपासा. आणि सकाळी उठल्यावर जबडा आखडलेला असेल नि डिप्रेशनचं फ्लुओक्सेटिन-सर्ट्रालिनसारखं काही चालू असेल तर रात्री दात खाताय का ते शेजारी झोपणाऱ्याला विचारा.

दात काढायला जायच्या आधी

इथे यादीचा कागद सगळ्यात कामाचा. रक्त पातळ करायच्या गोळ्या, अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉर्फरिन, अ‍ॅपिक्साबान, आपण होऊन बंद करून जायचं नाही. पूर्वी सर्रास बंद करायला सांगायचे, आता एखादा दात काढायचा असेल तर बहुतेक वेळा चालू ठेवूनच काढतात, कारण हिरडीतलं रक्त दाबून, टाका घालून थांबवता येतं, मेंदूत गेलेली गुठळी मागे आणता येत नाही. वॉर्फरिनवाल्यांनी २४ तासांतला, नेहमी स्थिर असेल तर ७२ तासांतला आयएनआर (रक्त किती पातळ आहे ते सांगणारा रिपोर्ट) सोबत न्यायचा.

हाडांची औषधं घेणाऱ्यांमधे दात काढल्यावर जबड्याचं हाड उघडं राहून न भरण्याचा धोका असतो, २००३ मधे हे पहिल्यांदा डॉक्टरांच्या लक्षात आलं. ऑस्टिओपोरोसिसच्या डोसमधे धोका अगदी कमी, कॅन्सरसाठीच्या मोठ्या डोसमधे बराच जास्त. सगळ्यात शहाणपणाचं म्हणजे औषध सुरू व्हायच्या आधीच काढायचे ते दात काढून घेणं. आणि डेनोसुमॅबचं इंजेक्शन दाताच्या कामासाठी आपल्या मनाने पुढे ढकलू नका, उशीर झाला तर मणक्याची हाडं मोडू शकतात. डोक्या-मानेला रेडिएशन घ्यायचं असेल तरी तेच, आधी दात, किमान दोन आठवडे जखम भरायला, मग रेडिएशन. रेडिएशन झालेल्या जबड्यातला दात पुढे कधीही काढायचा असला तरी आधी सांगायचं, वीस वर्षं झाली असली तरी.

हृदयात कृत्रिम झडप असेल किंवा पूर्वी हृदयाच्या आतल्या अस्तराला संसर्ग झाला असेल तर दात काढण्याआधी किंवा हिरडीच्या कामाआधी अर्धा ते एक तास अँटिबायोटिकचा एकच डोस लागतो. २००७ मधे अमेरिकन हार्ट असोसिएशनने हा डोस कोणाला लागतो ती यादी बरीच छोटी केली, त्यामुळे पूर्वी तुम्हाला लागायचं म्हणजे आताही लागेलच असं नाही, विचारून घ्या. डायलिसिस असेल तर दाताचं काम डायलिसिसच्या दुसऱ्या दिवशी, त्याच दिवशी रक्तात हेपरिन, म्हणजे रक्त गोठू न देणारं औषध, असतं. बीपी १८०/११० च्या वर असेल तर तातडीचं नसलेलं काम पुढे ढकललेलं बरं.

डेंटिस्टकडून निघताना उलटी तपासणीही करा, त्यांनी लिहिलेलं आपल्या औषधांशी भांडत नाही ना. वॉर्फरिनवर असताना मेट्रोनिडॅझोल, आणि बुरशीसाठी नुसतं तोंडात लावायचं मायकोनॅझोल जेलसुद्धा रक्त धोकादायक पातळ करू शकतं, जेल आहे म्हणून कोणाला संशय येत नाही. आयबुप्रोफेन-डायक्लोफिनॅक ही दुखण्याची औषधं किडनीच्या पेशंटला, रक्त पातळ करायच्या गोळ्या घेणाऱ्यांना आणि मेथोट्रेक्सेटवाल्यांना विचारल्याशिवाय नको. क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक आणि कोलेस्टेरॉलची सिम्व्हास्टॅटिन एकत्र नको. आणि दुखऱ्या दाताशेजारी अ‍ॅस्पिरिन दाबून ठेवायचा प्रकार कोणी करत असेल तर थांबवा, हिरडी भाजून पांढरी पडते, दात दुखायचा तो दुखतोच.

दात नसलेलं दातदुखणं

खालचा जबडा, खास करून डावीकडे, चालताना किंवा जिना चढताना दुखतो आणि थांबलं की दोनपाच मिनिटांत थांबतं, तर ती दाढ नाही, हृदय असू शकतं. बसल्या जागी असं दुखून घाम सुटला, छाती दडपली तर ॲम्ब्युलन्स, डेंटिस्ट नाही. वरच्या सगळ्या दाढा एकदम दुखतात आणि खाली वाकलं की वाढतं, सोबत नाक चोंदलेलं, तर सायनस. ब्रशच्या नुसत्या स्पर्शाने विजेचा झटका बसल्यासारखी सेकंदभराची कळ येत असेल तर चेहऱ्याच्या नसेचं दुखणं, त्यासाठी निरोगी दाढा काढून घेतलेली माणसं असतात.

बीपीच्या रॅमिप्रिल-एनालाप्रिल घराण्यातली गोळी चालू असताना ओठ, जीभ अचानक सुजायला लागली तर वाट बघायची नाही, सरळ इमर्जन्सी. गोळी वर्षानुवर्षं चालू असली तरी हे एखाद्या दिवशी होऊ शकतं, "इतकी वर्षं घेतोय कधी काही झालं नाही" हे इथे लागू नाही.

बाबांचा कागद आता पाकिटात घडी घालून असतो, गोळी बदलली की मी नवीन लिहून देते आणि मागच्या बाजूला लाल पेनाने एकच ओळ: अ‍ॅम्लोडिपिनने हिरडी वाढली होती, परत देऊ नये.